विश्लेषण : घराला गोल भिंत हवी, पण वीट चौकोनीच! वक्र बांधकामाचे गणित काय?

नवे घर बांधताना नकाशात एखादी तरी गोलाई हवी, असा आग्रह आता छोट्या शहरांतही दिसतो. कुठे जिन्याची भिंत अर्धगोल, कुठे दिवाणखान्याचा कोपरा वळणदार, कुठे कंपाउंड नागमोडी. संगणकावरच्या त्रिमितीय चित्रात ही भिंत देखणी दिसते. प्रत्यक्ष साइटवर मात्र गवंड्याच्या हातात येते ती काटकोनी वीट, सरळ फळी आणि सरळ ताणली जाणारी दोरी. या तिघांकडून गोल काम करून घ्यायचे, तर आखणीपासून बिलापर्यंत हिशेब बदलतो. तो आधी समजून घेतला नाही, तर जाड सांधे, लहरी गिलावा, भेगा आणि ठेकेदाराशी वाद ठरलेला. वक्र भिंत खरोखर मजबूत असते का, तिला जास्त खर्च का येतो आणि काम सुरू होण्यापूर्वी काय तपासावे, याचा हा आढावा.

वक्र भिंत मजबूत का मानली जाते?

एक साधा कागद टेबलावर उभा करून पाहिला, तर तो लगेच आडवा होतो. तोच कागद मधोमध थोडा वळवला की उभा राहतो. कागद तोच, जाडीही तीच, बदलला तो फक्त आकार. वळवल्यामुळे त्याचा पाया जमिनीवर एका रेषेऐवजी थोड्या रुंद जागेत पसरला. भिंतीचेही तसेच आहे. सरळ आणि बारीक भिंत वाऱ्याच्या किंवा धक्क्याच्या जोराने बाजूला कलू शकते. तीच वळणदार असेल, तर कलण्याला तिचा विरोध वाढतो.

दुसरे कारण दाबाचे आहे. विटांचे किंवा दगडांचे बांधकाम दाब उत्तम सहन करते, ताण मात्र फारच कमी. बाहेरून दाबल्या जाणाऱ्या गोल भिंतीत प्रत्येक वीट शेजारच्या विटेवर रेटली जाते. म्हणजे बाहेरचा जोर भिंतीच्या अंगात दाबाच्या रूपात फिरतो. कमान उभी असते, गोल भिंत ही जणू आडवी टाकलेली कमान.

मात्र यात एक अट आहे. जोर फुगीर बाजूने आला तरच कमानीचा फायदा मिळतो. उतारावरच्या प्लॉटवर माती अडवण्यासाठी वक्र भिंत बांधताना तिचे पोट मातीच्या दिशेने हवे आणि दोन्ही टोकांना भक्कम आधार हवा. पोट उलट्या दिशेला ठेवले, तर मातीच्या रेट्याने सांधे उघडू लागतात. शिवाय मागे साठलेले पाणी बाहेर जाण्यासाठी भिंतीत छिद्रे ठेवावीच लागतात. गोलाई आहे म्हणून ती टाळता येत नाहीत.

महाराष्ट्राला हे तंत्र नवे आहे का?

अजिबात नाही. गावोगावच्या बांधीव गोल विहिरी हे त्याचे रोजच्या पाहण्यातले उदाहरण. विहिरीच्या भिंतीवर चहूबाजूंनी मातीचा दाब येतो. विहीर गोल असल्याने तो सगळीकडून सारखा वाटला जातो आणि दगड एकमेकांत आवळले जातात. चौकोनी विहिरीत हाच दाब सरळ भिंतीला मध्यभागी आत ढकलतो, त्यामुळे तिथे भिंत जाड करावी लागते.

किल्ल्यांचे गोल बुरूजही याच शहाणपणातले. जंजिरा किंवा सिंधुदुर्गच्या तटाला जागोजाग वळण दिलेले दिसते. गोल बुरुजाला फोडायला सोपा असा कोपरा नसतो आणि तिरका आदळलेला तोफगोळा घसरून जाण्याची शक्यता वाढते. बुरुजावरून दोन्ही बाजूंच्या तटावर नजरही ठेवता येते.

पण विहीर आणि बुरूज बांधणाऱ्या कारागिराला एक सोय होती. दगड त्याला हवा तसा घडवता येत असे. आजच्या घराची वीट भट्टीतून किंवा कारखान्यातून ठरलेल्या मापात येते. वक्र भिंतीचा सगळा पेच इथेच सुरू होतो.

नागमोडी भिंतीने विटा वाचतात, हे खरे का?

इंग्लंडच्या सफोक परगण्यात बागांभोवती नागमोडी विटांच्या भिंती आढळतात. अमेरिकेत थॉमस जेफरसन यांनी व्हर्जिनिया विद्यापीठाच्या आवारात अशाच भिंती वापरल्या. त्या एका विटेच्या रुंदीइतक्याच जाड होत्या. सरळ भिंत इतकी बारीक बांधली, तर तिला ठरावीक अंतरावर टेकूसारखे खांब द्यावे लागतात किंवा जाडी वाढवावी लागते. नागमोडी भिंतीला वळणच आधार देते.

गणित करून पाहता येते. पाव वर्तुळाच्या वळणांची साखळी केली, तर ३० मीटर सरळ अंतरासाठी सुमारे ३३.३ मीटर लांबीची भिंत लागते. म्हणजे लांबी ११ टक्के वाढली. पण सरळ भिंत दुप्पट जाड बांधावी लागणार असेल, तर त्या तुलनेत विटा ४४ टक्के कमी लागल्या.

मग सगळ्यांनीच असे कंपाउंड का बांधू नये? कारण जागा. प्रत्येक वळण ३ मीटरचे धरले, तर ही भिंत डावीकडे-उजवीकडे मिळून सुमारे सव्वा मीटर रुंदीचा पट्टा व्यापते. सफोकच्या मोठ्या बागेत ते चालून गेले. दीड-दोन गुंठ्यांच्या प्लॉटवर हद्दीलगतचा सव्वा मीटर सोडणे कुणालाच परवडत नाही. पाया खोदणेही वळणावळणाने करावे लागते. शिवाय भिंतीची उंची, वाऱ्याचा जोर आणि खालची जमीन पाहून जाडी ठरते. त्यामुळे ‘नागमोडी आहे म्हणून चार इंचांत भागेल’ असे साइटवर परस्पर ठरवणे धोक्याचे. तो निर्णय स्ट्रक्चरल इंजिनीअरचा.

गोल खोलीत जागा जास्त मिळते का?

मूळचे ब्रिटिश आणि पुढे तिरुवनंतपुरममध्ये स्थायिक झालेले वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी भारतात विटांच्या वक्र बांधकामाला वेगळी ओळख दिली. तिरुवनंतपुरममधील सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजचा परिसर आणि बसस्थानकाजवळचे गोलाकार इंडियन कॉफी हाउस ही त्यांची गाजलेली कामे. कॉफी हाउसमध्ये चढत्या उतारावरच टेबले मांडलेली आहेत. कमी खर्चात चांगले घर हा बेकर यांचा ध्यास होता आणि त्यात वर्तुळाच्या भूमितीलाही स्थान होते.

ती भूमिती अशी : ४० मीटर लांबीची भिंत चौरसात बांधली, तर आत १०० चौरस मीटर जागा मिळते. तीच ४० मीटर भिंत वर्तुळात बांधली, तर १२७ चौरस मीटर. भिंत तेवढीच, जागा २७ टक्के जास्त.

पण हा फायदा मोकळ्या जागेत स्वतंत्र गोल इमारत बांधली तरच. शहरातला प्लॉट आयताकृती असतो आणि चारही बाजूंनी सामासिक अंतर सोडायचे असते. तिथे कोपरा गोल केला की जागा वाढत नाही, कमीच होते. उदाहरणार्थ, अडीच मीटर त्रिज्येचे पाव वर्तुळ देऊन कोपरा गोल केला, तर सुमारे १.३४ चौरस मीटर, म्हणजे साधारण साडेचौदा चौरस फूट जागा घराबाहेर जाते. एका छोट्या स्नानगृहाच्या निम्म्याहून कमी असली, तरी चढ्या भावाच्या जमिनीवर ही जागा स्वस्त नाही. शिवाय पलंग, कपाट, ओटा, फरशी हे सगळे सरळ मापाचे. गोल भिंतीला लागून ठेवलेल्या कपाटामागे फट उरते आणि फरशीचे तुकडे वाया जातात. म्हणून झोपण्याच्या खोलीपेक्षा जिना, प्रवेशमार्ग, बैठकीचा कोपरा किंवा व्हरांडा या ठिकाणी गोलाई जास्त शोभते आणि कमी नडते.

चौकोनी विटेने गोल भिंत कशी होते?

येथे दोन अडचणी येतात. पहिली सांध्याची. विटा वळणावर मांडल्या की आतल्या बाजूला त्या जवळ येतात आणि बाहेरच्या बाजूला पंख्यासारख्या उघडतात. पारंपरिक वीट साधारण २३० बाय ११० मिमी धरू. नऊ इंची भिंतीत ही वीट खोलात, म्हणजे तिची लांबी भिंतीच्या जाडीत जाईल अशी मांडली आणि आतला सांधा ६ मिमी ठेवला, तर बाहेरचा सांधा किती रुंद होईल?

- आतील त्रिज्या १ मीटर : सुमारे ३३ मिमी
- आतील त्रिज्या २ मीटर : सुमारे १९ मिमी
- आतील त्रिज्या ४ मीटर : सुमारे १३ मिमी
- आतील त्रिज्या ६ मीटर : सुमारे १० मिमी

चांगल्या वीटकामात सांधा साधारण १० मिमीचा असतो. म्हणजे ६ मीटर त्रिज्येपर्यंत साधी वीट न कापता निभावून नेता येते. त्रिज्या त्याहून कमी झाली की बाहेरच्या बाजूला सांध्यांत माल जास्त आणि वीट कमी, अशी स्थिती येते. सिमेंटचा माल वाळताना आकसतो. सांधा जितका जाड, तितकी तिथे बारीक भेग पडण्याची आणि पाणी शिरण्याची शक्यता अधिक. ही फट विटेच्या खपल्या कोंबून भरणे हा सर्रास दिसणारा, पण चुकीचा उपाय.

योग्य उपाय तीन. पहिला, विटा पाचरीसारख्या छाटणे, म्हणजे आतल्या टोकाला अरुंद आणि बाहेरच्या टोकाला पूर्ण रुंद. दुसरा, बाहेरच्या अंगाला अद्धे वापरून सांधे विभागणे. तिसरा, शक्य असेल तर त्रिज्याच वाढवणे. यातला शेवटचा उपाय कागदावर फुकट होतो, साइटवर नाही.

दुसरी अडचण कोपऱ्यांची. वीट लांबीच्या दिशेने मांडली, तर ती वळणावर एका सरळ तुकड्यासारखी बसते आणि भिंत गोल न दिसता बहुकोनी दिसते. २ मीटर त्रिज्येवर २३० मिमीच्या विटेचा मध्यभाग खऱ्या वर्तुळापासून सुमारे साडेतीन मिमी आत राहतो. गिलाव्यात हे झाकले जाते. विटा उघड्या ठेवायच्या असतील, तर उन्हाच्या तिरप्या प्रकाशात हा खडबडीतपणा ठळक दिसतो. म्हणूनच लहान त्रिज्येच्या वीटकामात विटा खोलात मांडण्याची पद्धत आहे. विटेची अरुंद बाजू दर्शनी आली की वळण गुळगुळीत दिसते.

एएसी ब्लॉक, फ्लाय अॅश की जांभा?

सध्या शहरी बांधकामात एएसी ब्लॉक सर्वाधिक सुचवले जातात. हलके असल्याने इमारतीवरचा भार कमी होतो. पण ६०० मिमी लांबीचा ब्लॉक २ मीटर त्रिज्येच्या वळणावर अखंड ठेवला, तर त्याचा मध्य वर्तुळापासून २२ मिमीहून अधिक आत राहतो. तो खड्डा गिलाव्याने भरायचा, तर गिलावा नको तितका जाड होतो आणि पुढे सुटू शकतो. ब्लॉकचे ३०० मिमीचे दोन तुकडे केले, तर फरक साडेपाच मिमीवर येतो. २०० मिमीचे तीन तुकडे केले, तर अडीच मिमीवर. एएसी हातकरवतीने कापता येतो, ही त्याची जमेची बाजू. मात्र तुकडे वाढले की उभे सांधे, चिकटवण्याचा माल आणि वेळ हे सगळे वाढते.

फ्लाय अॅशच्या विटा मापात एकसारख्या असतात, त्यामुळे थर नीट बसतात. पण त्या करणीने नेमक्या छाटणे अवघड. कटर यंत्र लागते. भरीव काँक्रीट ब्लॉक लहान त्रिज्येसाठी सर्वांत गैरसोयीचे. कोकण आणि गोव्यात जांभ्याचा चिरा हा चांगला पर्याय ठरतो, कारण चिरा साइटवर तासून पाचरीचा आकार देता येतो. तिथल्या गोल विहिरी बांधणाऱ्या कारागिरांच्या हाताला या कामाची सवयही असते.

आखणी कशी करतात?

सरळ भिंतीला दोन टोकांना विटा लावून मध्ये दोरी ताणली की काम भागते. वक्र भिंतीत ही दोरी निरुपयोगी. इथे लागतो केंद्रबिंदू.

साधी पद्धत अशी : वर्तुळाच्या केंद्रावर काँक्रीटमध्ये लोखंडी सळई ओळंब्यात, म्हणजे अगदी उभी पक्की करायची. तिच्यात फिरणारा पाइप किंवा लाकडी पट्टी अडकवायची आणि त्यावर त्रिज्येची खूण करायची. प्रत्येक थराला ही पट्टी वर सरकवून फिरवली की वीट नेमकी कुठे यावी ते कळते. दोरी वापरू नये, कारण ती ताणली जाते आणि दर वेळी माप बदलते. सळई वरच्या टोकाला एक सेंटिमीटर कलली, तर तेवढीच भिंतही कलते. म्हणून रोज काम सुरू करण्यापूर्वी सळई तपासायची.

केंद्र शेजारच्या प्लॉटमध्ये किंवा एखाद्या कॉलमच्या जागी येत असेल, तर? अशा वेळी वळणाच्या दोन टोकांमध्ये सरळ रेषा आखून तिच्यापासून अंतरे मोजतात. उदाहरणार्थ, त्रिज्या अडीच मीटर आणि दोन टोकांतले सरळ अंतर ३ मीटर असेल, तर मधल्या बिंदूवर भिंत रेषेपासून ५० सेंमी बाहेर येते. मध्यापासून ३७.५ सेंमीवर ४७ सेंमी, ७५ सेंमीवर साडेअडतीस सेंमी आणि ११२.५ सेंमीवर सुमारे २३ सेंमी. हे बिंदू जोडले की वळण मिळते. मोबाइलमधल्या कॅल्क्युलेटरवर वर्गमूळ काढून कोणत्याही त्रिज्येसाठी असा तक्ता करता येतो.

यासोबत सुताराकडून प्लायवूडचा मीटर-दीड मीटर लांबीचा वक्र फर्मा करून घ्यावा. थर रचताना तो विटांना लावून पाहिला की कुठली वीट बाहेर आली, कुठली आत गेली ते लगेच दिसते. गिलाव्यालाही फर्माच लागतो, कारण सरळ पट्टी वळणावर आडवी फिरवता येत नाही. ओळंबा मात्र सरळ भिंतीपेक्षा अधिक ठिकाणी लावावा लागतो. टोके ओळंब्यात आहेत म्हणजे मधली भिंतही आहे, असे वळणावर गृहीत धरता येत नाही.

बीम सरळ ठेवून भिंत गोल करता येते का?

आज बहुतेक घरे आरसीसी सांगाड्याची असतात. त्यात भार कॉलम-बीम उचलतात आणि भिंत फक्त जागा भरते. त्यामुळे ‘भिंतच तर आहे, वळवून टाका’ असे म्हटले जाते. गफलत इथेच होते.

नऊ इंची विटांची ३ मीटर उंच भिंत दर मीटरला साधारण १.३ ते १.४ टन वजनाची असते. ती गोल असेल, तर तिच्याखाली बीमही गोल हवा. मागच्याच उदाहरणात वळणाचा मध्य सरळ रेषेपासून अर्धा मीटर बाहेर येतो. म्हणजे दोन कॉलमच्या मधोमध तेवढा भार बाजूला लटकतो. अशा वेळी बीम फक्त खाली वाकत नाही, तो पिळलाही जातो. टॉवेल पिळताना जसा जोर लागतो, तसाच. हा पीळ सहन करण्यासाठी बंद रिंगा जवळजवळ, बीमच्या बाजूंनाही सळया आणि कॉलमशी पक्की सांधणी लागते. त्याचे गणित स्वतंत्रपणे करावे लागते.

बीम सरळच ठेवून भिंत स्लॅबच्या बाहेर आलेल्या भागावर उभी करणे हा दुसरा पर्याय. पण तो भागही त्या भारासाठी डिझाइन केलेला हवा. स्लॅब पडल्यानंतर मालकाच्या हौसेखातर भिंत वळवली, तर खालच्या स्लॅबला भेगा जाण्याचा धोका असतो. म्हणून गोलाईचा निर्णय पाया खोदण्यापूर्वी, नकाशातच व्हायला हवा.

दारे-खिडक्यांचे काय?

चौकट सरळ आणि भिंत गोल, हा संघर्ष प्रत्येक खिडकीपाशी येतो. अडीच मीटर त्रिज्येच्या भिंतीत १.२ मीटर रुंदीची खिडकी बसवली, तर तिच्या मध्यभागी भिंत चौकटीपासून ७ सेंमीहून अधिक बाहेर जाते. ७५ सेंमी रुंदीच्या खिडकीत हाच फरक ३ सेंमीच्या आत राहतो. एक रुंद खिडकी देण्याऐवजी दोन अरुंद उंच खिडक्या दिल्या, तर चौकट नीट बसते, उजेडही मिळतो आणि पाणी झिरपण्याच्या जागा कमी होतात. छज्जा वळणदार करायचा असेल, तर त्याचे शटरिंगही वक्र लागते. पातळ प्लाय किंवा पत्रा वाकवून ते करतात आणि त्याची मजुरी वेगळी पडते.

भूकंपात गोल घर टिकते का?

कच्छमधील भुंगा हे पारंपरिक गोल घर यासाठी नेहमी सांगितले जाते. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात अनेक भुंगे तग धरून राहिले. त्यामागे केवळ गोल आकार नव्हता. हलके छप्पर, मोजकी लहान दारे-खिडक्या आणि सगळीकडून सारखी रचना, हे सारे एकत्र आले होते.

उलट चित्र ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत दिसले. तिथल्या भिंती जाडजूड होत्या, पण दगड मातीत रचलेले आणि भिंतीच्या दोन्ही अंगांना बांधून ठेवणारे आरपार जोडदगड नसलेले. वर मातीचे जड धाबे. जाडी असूनही भिंती फुटून कोसळल्या. म्हणजे भिंत तारते ती तिच्या बांधणीमुळे. जाडी किंवा गोलाई एकटी पुरत नाही.

आयताकृती घराला एका बाजूने अर्धगोल खोली चिकटवली, तर घर असमतोल होते आणि भूकंपात ते फिरू पाहते. भार पेलणाऱ्या भिंतींच्या घरात जोते, लिंटेल आणि छताच्या पातळीवर सलग आरसीसी पट्टा द्यावा, असे भारतीय मानक आयएस ४३२६ सांगते. वक्र भिंतीत हा पट्टा वळणासोबत अखंड फिरला पाहिजे. गोल भाग आणि सरळ भाग जिथे मिळतात, तिथे विटांचे थर एकमेकांत गुंफलेले हवेत. आधी सरळ भिंत बांधून मागाहून गोल भिंत टेकवली, तर पहिली उभी भेग तिथेच पडते.

खर्च किती वाढतो आणि बिल कसे मोजतात?

पाव वर्तुळाच्या कोपऱ्यात भिंतीची लांबी खरे तर कमी होते. सरासरी त्रिज्या अडीच मीटर असेल, तर दोन सरळ बाजूंच्या ५ मीटरऐवजी ३.९३ मीटर भिंत लागते. तरीही खर्च वाढतो. कारण विटा छाटण्यातली नासाडी, जादा माल, फर्मा, संथ काम आणि कुशल गवंड्याची मजुरी.

सरकारी बांधकामात याचा नियम ठरलेला आहे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या पद्धतीनुसार सरासरी त्रिज्या ६ मीटरपेक्षा जास्त असेल, तर वक्र वीटकाम साध्या भिंतीसारखेच मोजले जाते. त्रिज्या ६ मीटर किंवा त्याहून कमी असेल, तर ते वेगळे मोजून जादा दर दिला जातो आणि त्यात विटा कापणे, नासाडी व फर्मा यांचा खर्च धरलेला असतो. सांध्यांचे वरचे गणितही याच ६ मीटरपाशी येऊन थांबते, हा योगायोग नाही.

लांबी मोजतात ती भिंतीच्या मध्यरेषेवर. खासगी कामात मात्र अनेकदा टेप बाहेरून लावला जातो. वरच्या उदाहरणात बाहेरची लांबी ४.११ मीटर येते, म्हणजे सुमारे साडेचार टक्के जास्त. जादा दरही घेतला आणि मापही बाहेरून घेतले, तर मालकाला दुहेरी भुर्दंड. दुसऱ्या बाजूने पाहिले, तर साध्या भिंतीच्या दरात गोल काम करून मागणे हा गवंड्यावर अन्याय. मग तो वेळ वाचवण्यासाठी जाड सांध्यांची वाट धरतो आणि नुकसान शेवटी घराचेच होते.

काम देण्यापूर्वी काय ठरवावे?

- नकाशात ‘गोल भिंत’ एवढेच नको. केंद्रबिंदू, त्रिज्या आणि ती आतली, बाहेरची की मध्यरेषेची, हे लिहिलेले हवे.
- विटा उघड्या ठेवायच्या की गिलावा करायचा, हे आधी ठरवावे. विटांची मांडणी त्यावर अवलंबून असते.
- बीम, स्लॅब आणि पट्टा वळणासाठी डिझाइन केला आहे का, हे स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून लेखी घ्यावे.
- वक्र कामाचा दर, मोजण्याची रेषा आणि फर्म्याचा खर्च कोणाचा, हे करारात असावे.
- प्रत्यक्ष जागेवर आधी चार-पाच थर कोरडे, माल न लावता रचून पाहावेत. सांधे किती उघडतात ते तिथेच दिसते आणि त्रिज्या बदलायची असेल, तर तेव्हाच बदलता येते.
- बांधकामाला किमान सात दिवस पाणी मारणे चुकवू नये. वळणाच्या बाहेरच्या अंगाला माल जास्त असल्याने तिथे विशेष लक्ष द्यावे.

उरुग्वेमध्ये इंजिनीअर एलाडिओ दिएस्ते यांनी अटलांटिदा येथे बांधलेल्या चर्चच्या विटांच्या भिंती तळाशी सरळ रेषेत सुरू होतात आणि वर जाताना लाटेसारख्या होतात. २०२१ मध्ये या वास्तूला युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तिथेही साहित्य साधी वीटच होती. फरक होता तो आधी केलेल्या हिशेबाचा आणि तो हिशेब हातात उतरवणाऱ्या कारागिरांचा. नव्या घराच्या एका गोल कोपऱ्याला एवढी मोठी तयारी लागत नाही. कोरड्या रचलेल्या चार थरांपुढे मालक, गवंडी आणि इंजिनीअर हे तिघे अर्धा तास उभे राहिले, तरी पुढची बरीच तोडफोड वाचते.